मृत्यूचा मृत्यू : जॉन डनच्या सुनीतातील देह, आत्मा आणि पुनरुत्थान

प्रस्तावना

इंग्रजी काव्याच्या अभ्यासक्रमात जॉन डन (१५७२–१६३१) या कवीचे मृत्यूला उद्देशून लिहिलेले सुनीत तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. 'होली सॉनेट्स' या मालिकेतील ही रचना बहुधा १६०९-१० च्या सुमारास लिहिली गेली आणि डनच्या निधनानंतर १६३३ मध्ये छापली गेली. तिचा आशय बहुधा एका वाक्यात सांगितला जातो : शरीर नाशवंत आहे, आत्मा अमर आहे, म्हणून मृत्यूचे काही चालत नाही. हे वाक्य आपल्या परिचयाचे असल्यामुळे आपण ते सहज मान्य करतो. पण डन खरोखर हेच म्हणतो का? या पाठात आपण तेच तपासणार आहोत.

१. ख्रिस्ती विचारातील मृत्यू

भगवद्गीतेतील जुनी वस्त्रे टाकून नवी धारण करण्याची उपमा तुम्हाला ठाऊक आहे. तेथे देह हे वस्त्र आहे आणि ते धारण करणारा त्याहून वेगळा आहे. प्लेटोच्या 'फीडो' या संवादातील सॉक्रेटिसही मृत्यूसमोर शांत राहतो, कारण त्याच्या दृष्टीने मृत्यू म्हणजे आत्म्याची देहापासून सुटका. दोन्हींत पुष्कळ फरक असला तरी एक गोष्ट समान आहे : खरा 'मी' देहात नाही.

ख्रिस्ती परंपरेचा पाया वेगळा आहे. हिब्रू बायबलमधील 'नेफेश' हा शब्द बहुतेक ठिकाणी श्वास घेणारा संपूर्ण प्राणी दर्शवतो. मराठी बायबलमध्ये त्यासाठी अनेकदा 'जीव' हा शब्द येतो आणि तो 'आत्मा'पेक्षा मूळ अर्थाच्या जवळ आहे. ईश्वराने मातीचा मनुष्य घडवला, त्यात श्वास फुंकला आणि तो जिवंत झाला, अशी उत्पत्तीची कथा आहे. येथे देह हे वस्त्र नाही, माणसाच्या असण्याचाच तो भाग आहे. म्हणूनच पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतो आणि आपली आशा पुनरुत्थानावर ठेवतो.

पुढे ग्रीक विचाराशी संबंध आल्यावर आत्म्याच्या अमरत्वाची कल्पनाही ख्रिस्ती धर्मशास्त्रात दृढ झाली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने दोन्हींची सांगड घातली : आत्मा देहानंतरही टिकतो, पण एकटा आत्मा म्हणजे पूर्ण माणूस नव्हे. यातून एक प्रश्न उरतो. मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात आत्मा काय करतो? तो जागा असतो की झोपलेला? सोळाव्या शतकात यावर मोठा वाद झाला. आत्मा झोपतो या मताविरुद्ध कॅल्विनने स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इंग्लंडच्या चर्चने १५५३ च्या बेचाळीस कलमांत हे मत नाकारले, पण १५६३ मध्ये कलमांची फेररचना झाली तेव्हा ते कलम वगळले गेले. कॅथलिक घरात जन्मलेला आणि १६१५ मध्ये इंग्लंडच्या चर्चचा धर्मगुरू झालेला डन अशा वातावरणात वाढला होता.

२. सुनीतातील युक्तिवाद

आता रचनेकडे वळू. कवी मृत्यूला समोर उभे करून त्याचा गर्व उतरवतो. त्याचे मुद्दे क्रमाने पाहा. झोप ही मृत्यूची प्रतिकृती आहे. झोप सुखद असेल तर मृत्यू त्याहून सुखद असला पाहिजे. चांगली माणसे लवकर मृत्यूबरोबर जातात, कारण त्यात हाडांना विश्रांती आणि आत्म्याला मोकळीक मिळते. शिवाय मृत्यू स्वतंत्र नाही. दैव, योगायोग, राजे आणि निराश माणसे त्याला राबवतात. विष, युद्ध व रोग हे त्याचे सोबती. अफूदेखील त्याच्याइतकीच, किंबहुना अधिक चांगली झोप आणते.

आत्म्याच्या मोकळिकीचा उल्लेख प्लेटोची आठवण करून देतो, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच ओळीत हाडांच्या विश्रांतीचाही उल्लेख आहे. जे कायमचे संपले त्याला विश्रांतीची गरज नसते. विश्रांती घेणारा पुन्हा उठणार असतो. शेवटच्या दोन ओळींत हे स्पष्ट होते. छोट्या झोपेनंतर कोण जागे होणार? डन तेथे 'आत्मा' हा शब्द वापरत नाही, 'आपण' म्हणतो. हाडे आणि आत्मा ज्यात पुन्हा एकत्र येतात असा हा 'आपण' आहे. त्यानंतरच मृत्यू स्वतः मरतो, आणि ही कल्पना थेट पौलाच्या शेवटच्या शत्रूपाशी जाते.

३. एका ओळीचे दोन पाठ

डनच्या मनात हा प्रश्न खरोखर होता याचा पुरावा त्याच मालिकेत आहे. आयुष्याच्या नाटकाचा अखेरचा प्रवेश रंगवणाऱ्या सुनीतात देह व आत्मा विलग होतात आणि कवी काही काळ झोपणार असतो. पुढची ओळ दोन प्रकारे मिळते. काही हस्तलिखितांत कवी म्हणतो की कदाचित मला लगेच ईश्वराचे मुख दिसेल, मला माहीत नाही. १६३३ च्या छापील प्रतीत मात्र आपला सदैव जागा असणारा अंश ते मुख पाहील, असे निश्चित विधान आहे. एका पाठात शंका आहे, दुसऱ्यात सिद्धान्त. आत्म्याचे अमरत्व डनने गृहीत धरले होते असे सरसकट म्हणणाऱ्याने या ओळीसमोर थांबायला हवे.

४. युक्तिवाद कुठे अडतो

या सुनीताचे गुणगान करताना त्यातील विसंगती झाकू नका. मृत्यू निव्वळ सुखद झोप असेल, तर त्याला मारण्याची गरज काय? आणि तो मारण्याजोगा शत्रू असेल, तर आधीची झोपेची उपमा अपुरी ठरते. पहिल्या बारा ओळी मृत्यूला क्षुल्लक ठरवतात, अखेरच्या दोन ओळी त्याला पराभूत करतात. ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिल्यातून दुसरे सिद्ध होत नाही. अखेरचे विधान तर्कातून येत नाही, श्रद्धेतून येते.

मार्गारेट एडसन यांच्या 'विट' या नाटकात (१९९९ चे पुलित्झर पारितोषिक) याच ओळीच्या विरामचिन्हावर चर्चा आहे. डनची अभ्यासक असलेली नायिका कर्करोगाने मरत आहे. तिच्या प्राध्यापिकेच्या मते तेथे साधा स्वल्पविराम हवा. जीवन आणि अनंत जीवन यांत केवळ श्वासभर अंतर आहे. वाचन सुंदर आहे, पण त्यात मधली झोप आणि हाडांचे वाट पाहणे जवळजवळ नाहीसे होते. नाटकातील नायिकेच्या वेदना मात्र सांगतात की देहाचे मरण स्वल्पविरामाएवढे हलके नसते.

समारोप

फेब्रुवारी १६३१ मध्ये राजासमोर दिलेल्या अखेरच्या प्रवचनात डन देहाच्या कुजण्याबद्दल विलक्षण स्पष्टपणे बोलला. ३१ मार्चला त्याचे निधन झाले. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये कफनात गुंडाळलेला त्याचा संगमरवरी पुतळा आहे. १६६६ च्या आगीतूनही तो वाचला. तो आडवा नाही, उभा आहे. हे सुनीत वाचताना तो पुतळा डोळ्यांसमोर ठेवा. देह सोडून निघालेला आत्मा नव्हे, तर देहासह उठू पाहणारा माणूस तुम्हाला तेथे दिसेल.

स्वाध्याय

१. 'आत्म्याचे अमरत्व' आणि 'देहाचे पुनरुत्थान' यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. सुनीताच्या शेवटच्या दोन ओळी आधीच्या बारा ओळींतून सिद्ध होतात का? कारणे द्या.
३. तुमच्या मातृभाषेत 'सोल' या इंग्रजी शब्दासाठी कोणते शब्द आहेत? त्यांपैकी एखादा निवडल्याने या सुनीताचा अर्थ कसा बदलतो?