सहा बोटे

काही छायाचित्रे पाहताक्षणी मन जिंकतात. म्हणूनच ती पुन्हा पाहावी लागतात. अमेरिकन नौदलाचे वैमानिक अलेक्झांडर व्रॅशू यांचे १९ जून १९४४ रोजीचे छायाचित्र आम्ही त्यांतच गणतो. फिलिपीन समुद्रावरील युद्धातून ‘लेक्झिंग्टन’ या विमानवाहू नौकेवर परतलेला हा पंचवीस वर्षांचा तरुण हसतो आहे. एका हाताची पाच बोटे व दुसऱ्याचे एक त्याने वर धरले आहे. सुमारे आठ मिनिटांत त्याने सहा जपानी विमाने पाडली होती.

ते हसू क्रूर आहे, असे आम्ही म्हणणार नाही. मरणाच्या दारातून परतलेल्याचे ते हसू आहे; शिवाय ती बाँबफेकी विमाने त्याच्याच सोबत्यांच्या जहाजांवर निघाली होती. चित्राचे सारे सामर्थ्य या निर्व्याज आनंदात आहे, आणि त्याची उणीवही तेथेच आहे. ती विमाने दोन आसनी होती. बोटे सहा दिसतात. त्यांमागची बारा माणसे दिसत नाहीत. त्या दिवसाच्या लढाईला अमेरिकन वैमानिकांनी टर्की पक्ष्यांच्या शिकारीचे नाव दिले. चित्राने जे झाकले, ते भाषेनेही झाकले.

युद्धानंतर व्रॅशू यांनी जेट लढाऊ विमानांच्या तुकडीचे नेतृत्व केले. १९६४ साली ते निवृत्त झाले आणि २०१५ साली निवर्तले. त्या दीर्घ सेवेच्या कोणत्याही चित्राला या एका क्षणाची कीर्ती लाभली नाही. छायाचित्र क्षण जपते. हिशेब मात्र पाहणाऱ्यानेच पुरा करावयाचा असतो.