साइडबोर्डावरचे थर

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या नव्या घरांत एक लांबट, ठेंगणं कपाट हमखास दिसू लागलं आहे. डिचोलीच्या फ्लॅटमध्ये, आमच्या सर्वणातल्या नव्या बंगल्यांत, पेडण्याकडच्या होमस्टेमध्ये, सगळीकडे. उंची कमरेएवढी, लांबी चार ते सहा फूट, खाली कप्पे, वर मोकळी फळी. नाव साइडबोर्ड. कप्प्यांविषयी कुणी फारसं बोलत नाही, सगळी चर्चा वरच्या फळीची. ती सजवायचं आता एक शास्त्रच झालंय. त्याला ‘लेयरिंग’ म्हणतात, आपण थर म्हणू. हे शास्त्र आपल्या घरात कितपत टिकतं ते तपासायला हवं, कारण ती फळी पुसायची आपल्यालाच असते.

आधी त्याचं बरं ते सांगते. मागे उंच वस्तू, म्हणजे आरसा किंवा चित्र, आणि त्याची रुंदी कपाटाच्या साधारण दोन तृतीयांश. मधे दिवा किंवा फुलदाणी. पुढे बुटकं काहीतरी, तबक, वाडगा, दोन आडवी पुस्तकं. वस्तू एक, तीन, पाच अशा विषम संख्येत. हे नियम खोटे नाहीत. चौरंगावर पूजा मांडताना आपण मागे मखर, मधे मूर्ती, पुढे नैवेद्य असंच मांडतो. नजर मागून पुढे, उंचावरून खाली येते आणि विसावते. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी त्यांना ते येत होतं.

पण साइडबोर्ड मुळात सजावटीसाठी जन्मला नाही. युरोपात तो जेवणघरातला कामाचा गडी होता. त्याच्यावर वाढपाची भांडी ठेवायची, तिथून जेवण टेबलावर जायचं. पोर्तुगीजांत त्याला ‘आपारादोर’ म्हणतात. गोव्यात तो त्यांच्या जेवणाच्या दालनाबरोबर आला. चांदरच्या ब्रागांझा घरात नक्षीदार शिसवी फर्निचर आणि चिनी मातीची भांडी आजही पाहायला मिळतात. ती भांडी त्या घरात वापरायला आली आणि पिढ्यांमागून पिढ्या साठत गेली. त्या घरातले थर काळाने घातले. आपण एका दुपारी दुकानातून पाच वस्तू आणतो आणि तोच परिणाम मागतो, तिथेच पहिली गफलत होते.

आता एकेक ‘लूक’ घेऊ.

बोहो. वाळलेल्या गवताचे तुरे, सुतळीची विणकाम, वेताच्या टोपल्या. फोटोत फार गोड दिसतं. पण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आषाढात त्या तुऱ्यांना बुरशी धरते, टोपलीत झुरळं आणि कसर शिरते. मग एकतर फवारा मारा, नाहीतर सगळं फेका. जीव मारून घर सजवायचं हे आपल्यातल्या कितीजणींना पटेल?

स्कँडिनेव्हियन. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, मोजक्या वस्तू, मेणबत्त्या. तिकडचा हिवाळा लांब आणि अंधारा. मिळेल तेवढा उजेड घरात खेळवायला तो पांढरा रंग आला. आपल्याकडे मे महिन्यात उजेड डोळ्यांत खुपतो आणि अंगणातली माती तांबडी. पांढऱ्या फळीवर चार दिवसांत तांबूस थर चढतो, आणि या थराचे पैसे पडत नाहीत! ज्यांनी 2012 पूर्वीचे खाणीच्या ट्रकांचे दिवस डिचोली तालुक्यात काढलेत, त्यांना धुळीविषयी मी काय सांगणार? आणि मेणबत्त्या? पावसाळ्याच्या संध्याकाळी ज्योतीवर किती पाखरं झडप घालतात ते आपण जाणतो. शिवाय सूर्यास्ताआधी जेवणं आटोपणाऱ्या घरात जेवणाच्या टेबलामागे मेणबत्त्यांची रांग कुणासाठी?

इंडो-पोर्तुगीज. निळ्या रंगात रंगवलेल्या फरशा, कोरीव चौकट, जुना आरसा. हा लूक मला त्यातल्या त्यात पटतो. फरशी ओल्या फडक्याने पुसली की झालं, आणि ती रंगवणारे हात गोव्यातच आहेत. फक्त ते घर आपलं नव्हतं हे लक्षात असू द्यावं. एक फरशी पाहुणी म्हणून शोभते, वीस फरशा लावल्या की हॉटेल होतं.

उरला ‘एथनिक’. समई, तांब्याची घागर, पितळी डबा आणि मूर्ती. माझी खरी तक्रार इथे आहे. समई ही तेल-वात घालून लावायची वस्तू. फळीवर ती वर्षभर कोरडी उभी राहते, वर लाखेचा थर देतात, म्हणजे काळी पडायला नको. आंबट सोलांनी समई घासताना हाताला जो तिचा कड न् कड कळतो, तो त्या लाखेखाली बंद होतो. वस्तू जपली असं आपण म्हणतो, पण तिचं काम आपण काढून घेतलेलं असतं.

मूर्तीचं तर विचारूच नका. बुद्धाचं नुसतं मस्तक हल्ली सर्रास विकतात. ते मस्तक धडावेगळं का झालं असेल, हा प्रश्न कुणाला पडत नाही. आता ध्यानस्थ तीर्थंकरही रोपट्याशेजारी बसू लागलेत, एका बाजूला टीव्हीचा रिमोट, दुसऱ्या बाजूला चाव्यांचं तबक. आपल्याच तालुक्यात कुडण्याला जैन मंदिराचे भग्नावशेष आहेत. ते ज्यांनी पाहिलेत, त्यांना मूर्ती जागेवरून हलते तेव्हा काय काय हरवतं ते सांगावं लागणार नाही. जुनी मूर्ती विकत घेणाऱ्यांनी एवढं तरी जाणावं की 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या दगडी वा धातूच्या मूर्तीची नोंदणी करावी लागते. पण कायद्याच्या आधीची गोष्ट अशी की ज्याच्यापुढे हात जोडायचे, त्याला ‘मधला थर’ करू नये.

मग गृहिणीने हौस करूच नये का? असं मी म्हणणार नाही. पुष्कळ घरांत हॉलचा सोफा नवरा ठरवतो, रंग कंत्राटदार ठरवतो, आणि बाईच्या पसंतीला उरते ती ही चार फूट फळी. म्हणूनच ती दुसऱ्या कुणाच्या फोटोसारखी दिसली की मला वाईट वाटतं. घर तिचं, आणि फळीवर तिचं काहीच नाही.

आपल्याकडे दोन जुने धडे आहेत. पहिला कोनाड्याचा. चिऱ्याच्या जाड भिंतीत खोदलेल्या त्या जागेत एकच दिवा मावायचा. जागाच एवढी की हाव करता येत नसे. जपानी घरातही असा कोनाडा असतो, तोकोनोमा. त्यात एक चित्र, एक फूल, आणि ऋतू बदलला की तेही बदलतं. दुसरा धडा माटोळीचा. चवथीला गणपतीवर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे घड, तोरंजन, कवंडाळ आणि रानातली कितीतरी फळं बांधतात. डिचोलीचा माटोळी बाजार पाहिलात तर कळेल की थरावर थर कसे चढवायचे हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नव्हती. पण माटोळी सण संपला की उतरते. ती कायमची टांगून ठेवायचं कुणाच्या मनात येत नाही.

म्हणून माझं मत एवढंच. थर असू द्या, पण प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारा. ही वापरात आहे का? आणि ती उचलून खालची फळी पुसताना माझा जीव मेटाकुटीला येतो का? मागे एक चित्र किंवा आरसा, मधे रोज लागणारा पाण्याचा तांब्या, पुढे ऋतूतलं काहीतरी. उन्हाळ्यात वाडग्यात आंबे ठेवा, चवथीच्या दिवसांत सुपारीचा एखादा घड. बाकीचं खाली कप्प्यात जाऊ द्या. आणि कप्प्यातही मावत नसेल, तर ज्या घरात ती वस्तू वापरली जाईल तिथे पोचती करा. अपरिग्रह आपण प्रवचनात पुष्कळ ऐकतो, त्याची सुरुवात या फळीपासून करायला हरकत नाही.