जुन्या छायाचित्रांचे आंतरजालीय संग्रह आणि नगरचा वारसा : नोंदींच्या अंगाने एक चिकित्सा

एखाद्या प्रदेशाची जुनी छायाचित्रे आंतरजालावर एकत्र आली की त्या प्रदेशाचा वारसा जतन झाला, असे मानण्याची प्रवृत्ती गेल्या दोन-अडीच दशकांत रूढ झाली आहे. या समजुतीची पारख चित्रांच्या संख्येवरून होऊ शकत नाही. चित्राखाली काय लिहिले आहे, कोणी लिहिले आहे आणि कोणत्या भाषेत लिहिले आहे, हे पाहणे त्यासाठी अगत्याचे ठरते. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, आणि त्याच्या उत्तरेचे सावेडी हे उपनगर यांच्या संदर्भात असा विचार केल्यास या संग्रहांचे मोल आणि त्यांची उणीव दोन्ही ध्यानात येतात.

पश्चिम भारतातील वास्तूंच्या जुन्या छायाचित्रांचा मोठा भाग वसाहतकालीन पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यातून आलेला आहे. जेम्स बर्जेस आणि त्यांच्यानंतर हेन्री कझेन्स यांनी वास्तूंची मोजमापे, आराखडे व छायाचित्रे सिद्ध केली. मुंबई इलाख्यातील पुरावशेषांची कझेन्स यांनी सुधारलेली यादी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. या परंपरेची शिस्त वादातीत आहे. तथापि तिचा प्रश्न ठरलेला होता : वास्तू कोणाची, केव्हाची आणि कोणत्या शैलीची? त्या वास्तूभोवती राहणारे लोक तिला काय म्हणतात, हा तिचा मुख्य प्रश्न नव्हता.

शहराच्या पूर्वेस शहा डोंगरावर उभी असलेली अष्टकोनी तीनमजली वास्तू या दृष्टीने बोलकी आहे. ती निजामशाहीतील मुत्सद्दी सलाबतखान (दुसरा) याची कबर होय. नगरकर मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिला ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतात. इतिहासाच्या कसोटीवर हे नाव चुकीचे आहे आणि पुरातत्त्वीय नोंद त्याला थारा देत नाही, यात वावगे काही नाही. परंतु जेथे केवळ शास्त्रीय नाव नोंदलेले असते, तेथे लोकांच्या तोंडचे नाव घालून शोध घेणाऱ्याच्या हाती काहीही लागत नाही. शिवाय बादशाही फौजांपुढे किल्ला लढविणाऱ्या राणीशी गावाने ही वास्तू का जोडली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषयही त्या नोंदीबरोबर नाहीसा होतो. दमडी मशिदीची गोष्टही अशीच आहे. १५६७ हे तिचे बांधकामवर्ष कोणत्याही सूचीत सापडेल. किल्ल्याच्या कामावरील मजुरांनी दमडी-दमडी जमवून ती उभारली ही आख्यायिका मात्र सूचीपेक्षा स्मरणातच टिकून आहे. आख्यायिका खरी की खोटी हा मुद्दा येथे गौण आहे. चित्राच्या नोंदीत वास्तूचे प्रमाण नाव आणि लोकनाव ही दोन्ही, त्यांतील भेद सांगून, नोंदली जाणे आवश्यक आहे.

नोंदीवाचून चित्र दिशाभूलही करू शकते. विल्यम जॉन्सन यांचा मुंबईतील जातीजमातींचा छायाचित्रग्रंथ १८६३ ते १८६६ या काळात दोन खंडांत निघाला. त्यातील माणसे मुख्यतः चित्रशाळेत टिपून मागाहून निराळ्या पार्श्वभूमीवर बसविलेली आहेत. ही चित्रे आज आंतरजालावर सुटी-सुटी फिरतात आणि पाहणारा त्यांना त्या समाजाचे प्रत्यक्ष जीवनदर्शन समजतो. ग्रंथातून चित्र सुटले की त्याच्या कृत्रिमतेचा पुरावाही सुटतो.

सावेडीची अडचण याहून वेगळी आहे. वारसायादीत बसेल अशी निजामशाही वैभवाची वास्तू हे या वस्तीचे वैशिष्ट्य नव्हे. मूळचे गावठाण, मनमाड रस्त्यालगतची शेते आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांवर उभ्या राहिलेल्या वसाहती हाच तिचा इतिहास. प्रोफेसर कॉलनी, पाईपलाईन रोड ही नावेच या घडणीची साक्ष देतात. असा इतिहास सर्वेक्षणाच्या काचेच्या प्लेटवर उमटणे शक्य नव्हते. तो असलाच तर घराघरांतील अल्बमांत आहे : नव्या घराची वास्तुशांत, अंगणातील पहिली स्कूटर, मागे मोकळे रान. बंगल्यांच्या जागी सदनिका उभ्या राहत असताना प्रथम अडगळीत जातात ते हेच अल्बम.

कौटुंबिक छायाचित्रांचा असा विचार आपल्याकडे झालेला नाही असे नाही. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेला ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ कुटुंबांतील छायाचित्रे त्यांच्या कथनासह मांडतो; चित्राइतकेच कथनाला महत्त्व देणे ही त्याची खरी कामगिरी होय. मात्र तेथील कथन मुख्यतः इंग्रजीत आहे. आजीने मराठीत सांगितलेली हकीकत नातवाच्या इंग्रजीतून नोंदली जाते तेव्हा नात्यांचे, जागांचे आणि वस्तूंचे शब्द प्रथम गळून पडतात. ‘ओसरी’ आणि ‘पडवी’ यांना एकच इंग्रजी शब्द पुरतो.

मराठीतील प्रयत्नांना तांत्रिक दुर्दैवानेही ग्रासले. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अनेक मराठी संकेतस्थळांवरील मजकूर युनिकोडऐवजी विशिष्ट टंकांत लिहिला जाई. तो टंक संगणकावर नसेल तर आज तेथे निरर्थक चिन्हांची रांग दिसते. चित्र शाबूत, नोंद मृत. परदेशी संस्थांच्या भरवशावर राहणेही सुरक्षित नाही. ऑक्टोबर २०२३ मधील सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीसारख्या संपन्न संस्थेच्या आंतरजालीय सेवा दीर्घकाळ विस्कळीत राहिल्या आणि आपल्याच प्रदेशाची चित्रे पाहू इच्छिणाऱ्या येथील अभ्यासकांनाही त्याची झळ पोहोचणे अपरिहार्य होते.

म्हणून स्थानिक महाविद्यालये व ग्रंथालये यांनी करावयाचे काम चित्रे गोळा करण्यापेक्षा अधिक चिकाटीचे आहे. छायाचित्राची मागील बाजूही प्रतिरूपित करावी लागेल, कारण स्टुडिओचा शिक्का, तारीख आणि शाईतील दोन ओळी तेथेच असतात. कायद्याचाही विचार करावा लागेल : २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो आणि बंद पडलेल्या स्टुडिओंचे वारस शोधणे सोपे नाही. नामांतराने आणखी एक जबाबदारी वाढविली आहे. जुन्या सूचींत ‘अहमदनगर’, बोलण्यात ‘नगर’, शासकीय कागदांत ‘अहिल्यानगर’. तिन्ही नावे एकाच नोंदीत आली नाहीत, तर उद्याच्या सावेडीतील विद्यार्थ्याला आपल्या गावाची चित्रे समोर असूनही सापडणार नाहीत.