टायर : एक रसग्रहण

मराठीत समीक्षा कशाची झालेली नाही? कादंबरीची झाली, नाटकाची झाली, नाटकाच्या समीक्षेची झाली. मिसळीची तर रोजच होते. टायर मात्र राहून गेला. ज्याच्या भरवशावर आपण बायकोपोरांसह, म्हातारीसह आणि पापडाच्या डब्यासह ताशी ऐंशी किलोमीटरने जातो, त्याच्याविषयी आपले मत एवढेच असते : "जातील अजून सहा महिने." साडीवर आपल्याकडे अर्धा दिवस चर्चा होते. टायरवर होते ती तो पंक्चर झाल्यावर, आणि तिची भाषा छापण्याजोगी नसते.

ही उणीव भरून काढण्याचे निमित्त आमच्या दाजींनी पुरवले. दाजी म्हणजे आमच्या आक्काचे यजमान. मुक्काम इंदापूर तालुका, निमगाव केतकीच्या अलीकडे. डाळिंबाची बाग, थोडा ऊस, आणि दारात फोर बाय फोर गाडी. म्हणजे मनात आले की चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी. दाजींच्या मनात ते वर्षातून एकदा येते, तेही पाहुणे बसलेले असताना आणि नेमके कोरड्या डांबरावर. (तसे करू नये. वळताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. डांबर त्यांना घसरू देत नाही, आणि मग सगळा पीळ गिअरांना बसतो. पण पाहुण्यांदेखत हे सांगायचे कोणी?)

तर या गाडीचे टायर गोटा झाले आणि नवे कोणते घ्यायचे यावर घरात साहित्य संमेलन भरले. थोरले चिरंजीव पुण्याला इंजिनिअरिंगला. त्यांनी मोबाइलवर एक चित्र दाखवले. टायरवर विटेएवढाले गट्टे, आणि कडेलाही दात. "मामा, लुक बघा!" आक्का म्हणाली, "आवाज नको बाई, मला गाडीत झोप लागली पाहिजे." तिच्या सासूबाईंची अट एकच : चढायला आणखी उंच नको. दाजींनी समारोप केला : "ते काय बी असू द्या, पर पाव्हणं, रानात जावं लागतंय की!"

मराठी वाङ्मयात फडके आणि खांडेकर यांच्या नावाने एक वाद गाजला. कलेसाठी कला, की जीवनासाठी कला? त्याचा निकाल लागला नाही म्हणतात. टायरच्या बाबतीत तो लावल्यावाचून गत्यंतर नव्हते. मी वही घेऊन बसलो आणि दाजींना गाडीचा वर्षभराचा हिशेब विचारला. बारामतीला दवाखाना, बँक आणि बाजार. पुण्याला चिरंजीवांचे डबे. अकलूजला लग्न, पंढरपूरला एकादशीनंतरची गर्दी ओसरल्यावर दर्शन. भिगवणला पाहुण्यांना उजनीच्या पाण्यातले रोहित पक्षी दाखवणे आणि मासे खाऊ घालणे.

"आणि रानात?"

"रानात मी मोटारसायकलवर जातो."

"का?"

"गाडीला चिखल लागतो ना!"

एवढी प्रांजळ आत्मचरित्रात्मक नोंद मिळाल्यावर समीक्षकाचे अर्धे काम संपते. उरलेले अर्धे असे.

टायरच्या बाजारात तीन संप्रदाय आहेत. पहिला रस्त्याचा, दुकानदार त्याला एचटी म्हणतात. दुसरा मधला, एटी; म्हणजे थोडे रस्त्याचे, थोडे कच्च्या वाटेचे. तिसरा चिखलाचा, एमटी. चिरंजीव तिसऱ्याचे अनुयायी.

एमटीची शैली ओजस्वी. गट्टे मोठे, मधल्या खाचा रुंद. काळ्या रानात पाऊस झाल्यावर हाच टायर माती पकडतो आणि फिरता फिरता ती झटकूनही टाकतो. अशा रानात एचटीच्या बारीक खाचा दोन फेऱ्यांत भरतात आणि चाकाचा पेढा होतो. हे त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण इंदापूर हा अवर्षणप्रवण तालुका. इथे चिखल होतो तो मुख्यतः कालव्याच्या पाण्याने, उसाच्या सरीत. आणि उसाच्या सरीत गाडी घालणारा माणूस अजून मला भेटलेला नाही. शिवाय हा टायर वजनाला भारी, डिझेल जास्त पिणारा, आणि डांबरावर लवकर झिजणारा.

त्यात त्याचा ध्वनी. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनी हा काव्याचा आत्मा ठरवला, पण तो सूचकतेविषयी बोलत होता. चिखलाचा टायर डांबरावर जो ध्वनी काढतो, त्यात सूचक काही नसते. पिठाची गिरणी सोबत घेऊन निघाल्यासारखे वाटते. बारामती ते इंदापूर पन्नासेक किलोमीटर. भवानीनगर, सणसर, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे अशी गावे येतात आणि जातात, गिरणी चालूच. आक्काच्या झोपेचा प्रश्न इथेच निकालात निघतो.

पण आवाज सोसता येतो. खरा प्रश्न थांबण्याचा आहे, आणि इथे मी विनोद जरा बाजूला ठेवतो.

फोर बाय फोर गाडीविषयी एक गोड समजूत आहे, की ती जास्त सुरक्षित. चारही चाकांना जोर मिळाला तर गाडी निघते चांगली, अडकली तर सुटते चांगली. थांबते मात्र इतर गाड्यांसारखीच. ब्रेक काय, मारुती आठशेलाही चारही चाकांना होते. आणि थांबवतो तो टायर, तोही सगळा नव्हे. माणसे बसलेली अशी गाडी दोन टनांच्या घरात जाते. तेहतीस पौंड हवेवर प्रत्येक टायरचा जमिनीला टेकणारा भाग भरतो दोन पोस्टकार्डांएवढा. म्हणजे दाजी, आक्का, चिरंजीव, सासूबाई आणि पापडाचा डबा हे सगळे एकूण आठ पोस्टकार्डांवर बसून चाललेले असतात. त्या पोस्टकार्डांवर काय लिहिले आहे, ही झाली टायरची निवड.

चिखलाच्या टायरमध्ये त्यातली बरीच जागा खाचांत जाते. उरलेले गट्टे जोरात ब्रेक दाबल्यावर वाकतात. रस्त्याच्या टायरला पृष्ठभागावर सुरीने कापल्यासारखे बारीक काप असतात. ओल्या डांबरावरचा पाण्याचा पातळ थर ते मोडतात. म्हणून ओल्या रस्त्यावर साधारणपणे रस्त्याचा टायर आधी थांबतो आणि चिखलाचा नंतर. ताशी ऐंशीने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. "नंतर" या शब्दाचा अर्थ या दोन आकड्यांत आहे.

आणि आमचा रस्ता पाहा. गळीत हंगामात माळेगाव आणि भवानीनगरच्या कारखान्यांकडे ट्रॅक्टर निघतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या. रात्री कित्येकांना मागे दिवा नसतो. लाल कापडाची चिंधी असली तर ती उसाने झाकलेली. रानातून निघालेली चाके डांबरावर ओल्या मातीचे पट्टे ओढत जातात, वर पाचट. आषाढात याच रस्त्याने तुकोबांची पालखी जाते, बेलवाडीला गोल रिंगण होते. तो पावसाचा पहिला महिना. उन्हाळाभर साठलेली धूळ आणि सांडलेले तेल पहिल्या सरींत भिजून रस्त्याला लोणी लावल्यासारखे होते, आणि पालखी पुढे गेली तरी मागे राहिलेले म्हातारे वारकरी कडेकडेने चालत असतात. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी २०२१ साली झाली. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो, थांबण्याचा प्रश्न मोठा होतो. लडाखला जायचे तेव्हा जाऊ. हा ट्रॅक्टर आज रात्री पुढे आहे.

हे ऐकून चिरंजीव गप्प झाले, पण पटले नव्हते. म्हणून मी त्यांच्या स्वप्नातल्या मुलखाजवळचाच, म्हणजे काश्मीरचा, साक्षीदार काढला. अकराव्या शतकात तिथल्या क्षेमेंद्राने औचित्यावर ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे साधे आहे : दागिना कितीही चांगला असला तरी त्याची जागा चुकली की हसे होते. कंबरपट्टा गळ्यात घातला आणि हार कमरेला बांधला तर दोन्ही सोन्याचे असून काय उपयोग? चिखलाचा टायर हा अस्सल दागिना आहे. फक्त तो बारामतीच्या दवाखान्याच्या वाटेवर घालायचा नाही.

मग मधला एटी? तो सज्जन आहे. ज्याच्या घराची वाटच दीड-दोन किलोमीटर कच्ची आहे, मुरमाची, अणकुचीदार खड्यांची, त्याने तो जरूर घ्यावा. त्यातही सौम्य नक्षीचा. दाजींच्या घरापर्यंत डांबर आहे.

दुकानात गेल्यावर ग्रंथपरीक्षण कसे करावे तेही सांगतो. टायरच्या अंगावर २३५/६५ आर १७ असे काही छापलेले असते. २३५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, कडेची उंची तिच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, आत १७ इंची रिम. गाडीबरोबर आला तोच आकार घ्यावा. जास्त उंच घेतला तर वेगाचा काटा खोटे बोलू लागतो : तो ऐंशी दाखवतो आणि आपण पुढे असतो. त्यापुढे १०४ लिहिले असेल तर तो टायर नऊशे किलो पेलतो; मूळ टायरपेक्षा हा आकडा कमी नको. प्रकाशनाची तारीख चार आकड्यांत असते. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा बत्तिसावा आठवडा. जुनी आवृत्ती नवी म्हणून गळ्यात मारतात, तेव्हा वाकून वाचावे. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्याशी समतल झाली की ग्रंथ संपला. "अजून सहा महिने" म्हणू नये. आणि हवा टायर थंड असताना पाहावी, दाराजवळच्या चिठ्ठीप्रमाणे. पंपावरच्या पोराच्या अंदाजाप्रमाणे नव्हे.

दाजींनी रस्त्याचे पाच टायर घेतले, स्टेपनीसकट. आक्का आता सणसरलाच झोपते आणि इंदापूरला उठते. चिरंजीवांची समजूत काढणे बाकी होते. त्यांना स्टेपनीवर घालायला एक कव्हर आणून दिले. त्यावर हिमालयाचे चित्र आहे, आणि एक जीप चिखल उडवत वर चालली आहे.