ठाणें गॅझेटियरांतील वन्यपशु व पुरावशेष : एक अभिप्राय

जेम्स कॅम्बेल यांनीं संपादिलेलें ठाणें गॅझेटियर (१८८२) आजहि अभ्यासकास टाळतां येत नाहीं. मात्र पुरावशेष व पशु यांस त्यांत एकच कसोटी लावलेली नाहीं. सोपाऱ्याच्या स्तूपांत (आज पालघर जिल्हा) भगवानलाल इंद्रजींना त्याच वर्षीं तांबें, रुपें, पाषाण, स्फटिक व सुवर्ण यांचे एकांत एक ठेवलेले करंडक मिळाले. कोणता कशांत होता ही नोंद राहिली, म्हणून तो शोध अद्यापि तपासतां येतो.

पशूंचीं मात्र मुख्यतः नांवें व वर्णनेंच. ‘गवय’ म्हणजे गवा कीं नीलगाय, हा वाद नांवानें मिटत नाहीं. त्यास कवटी लागते. मुंबईंतील वरळीच्या अश्मीभूत बेडकास ओवेन यांनीं १८४७ सालीं ‘राना’ वंशांत घातलें. १९३० सालीं नोबल यांनीं त्यास ‘इंडोबॅट्रॅकस’ हा निराळा वंश दिला. नमुना जपलेला व स्थळ ठाऊक, म्हणूनच ही दुरुस्ती शक्य झाली.

पुष्पिका फाटलेली पोथी आणि स्थळ न टिपलेलें हाड यांची योग्यता सारखीच. आमच्या संग्राहकांस एखादी अश्मास्थि आढळल्यास ती हलविण्यापूर्वीं गांव, थर व तिथि टिपावी, इतकीच विनंति.

— खोपट, ठाणें