पेटीतला उंदीर आणि आपले निष्कर्ष

बालपणी मेंदूतील पेशी चेतवल्या तर मोठेपणी वागणूक बदलते का? कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. विदिता वैद्य यांच्या गटाने २०२० साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. उंदरांच्या पिलांच्या अग्रमेंदूतील उत्तेजक चेतापेशी जन्मानंतर दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत औषधाने चेतवल्या गेल्या. मोठेपणी हे उंदीर उघड्या पेटीच्या मध्यभागी कमी फिरकले. हाच प्रयोग किशोर व प्रौढ वयात केल्यावर मात्र असा टिकाऊ परिणाम दिसला नाही.

काळाची ही तुलना हेच या कामाचे खरे बळ, असे आम्हांस वाटते. याच गटाने २०२२ साली याच पेशी दाबूनही पाहिल्या. तेव्हा वागणुकीत असा बदल आढळला नाही.

आमची हरकत आहे ती 'उंदीर चिंताग्रस्त झाले' या सुटसुटीत वाक्याला. मोजली गेली ती हालचाल; चिंता हा आपला अर्थ. उंदीर थकला, आजारी असला तरीही कमी फिरेल. म्हणून एकूण चाललेले अंतर व इतर चाचण्याही पाहाव्या लागतात. संशोधक 'चिंतासदृश' म्हणतात ते उगाच नव्हे.

नौपाड्यातल्या वर्गात बसलेल्या मुलाचे भवितव्य या पेटीवरून ठरवू नये. 'मोजले काय आणि मानले काय?' हा प्रश्न मात्र शिक्षकांनी त्याला जरूर विचारायला शिकवावा.