रुक्मिणी देवळात का गेली?

लग्न जमावं म्हणून उपवर मुलीच्या हातात 'रुक्मिणी स्वयंवर' द्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. दर्यापूरला आमच्या घरात माझ्या चुलत बहिणीने पारायण केलं, तेव्हा मीही पोथी वाचली. मला वाटतं, आपण ती भलत्याच कामाला लावली आहे.

कथा आपल्याच अमरावती जिल्ह्यातली, वर्धेकाठच्या कौंडण्यपूरची. भाऊ रुक्मी शिशुपालाशी लग्न ठरवतो. रुक्मिणी कृष्णाला पत्र पाठवते. भागवताच्या दहाव्या स्कंधातलं हे पत्र प्रेमपत्र म्हणून गाजलं, पण त्यात पक्का प्लॅनही आहे. महालातून नेशील तर माझी माणसं मारावी लागतील. लग्नाच्या आदल्या दिवशी कुळाचाराप्रमाणे नवरीला गावाबाहेर देवीच्या दर्शनाला नेतात, तेव्हा ये. घरच्यांना मान्य असलेली बाहेरची एक वाट तिने हेरली. ते देऊळ म्हणजे अमरावतीची अंबादेवी, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे.

राजकन्या आणि देऊळ यांची उलटी गोष्ट जपानमध्ये दिसते. ७२० सालच्या 'निहोन शोकी'त सम्राट सुइनिनची मुलगी यामातोहिमे सूर्यदेवी अमातेरासूसाठी जागा शोधत इसेला पोचते. पुढे राजघराण्यातली अविवाहित मुलगी इसेच्या सेवेला पाठवायची प्रथा पडली. ती चौदाव्या शतकापर्यंत चालली. तिला 'साइओ' म्हणत. निवड कौल लावून होई, आणि साधारणपणे सम्राट वारला किंवा पायउतार झाला की ती परते. मान मोठा, पण मर्जी दुसऱ्यांची. तिथे राजकन्या देवळासाठी राखून ठेवली जाते. इथे राजकन्या देवळाचा उपयोग सुटण्यासाठी करते.

एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या अठरा प्रसंगांच्या काव्यात हे लग्न जीवाशिवाची भेट होतं. अर्थ मोठाच आहे, पण त्यात पत्र लिहिणारी मुलगी मला थोडी अंधुक झालेली वाटते. त्याआधी, तेराव्या शतकात, आपल्या रिद्धपूरला महदाईसेने हीच कथा 'धवळ्यां'त, म्हणजे लग्नगीतांत, आणली होती. पोथीसोबत मुलींना तेही वाचायला द्यावेत.

पारायण करायला सांगणाऱ्यांनी एक मात्र लक्षात ठेवावं. मुलीने रुक्मिणी खरंच मनावर घेतली, तर घरच्यांनी ठरवलेल्या स्थळाला ती नाही म्हणू शकते. पोथी तिच्याच बाजूने आहे.